शंभरपैकी कृतज्ञता

ग्रंथपालांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते. बाकी झाडून सगळ्यांना दिले होते. चुकून त्यांच्या पत्त्यावर आलेल्या शिलाई यंत्राच्या जाहिरातीलाही त्यांनी 'आपले पत्र पोचले, आमच्याकडे यंत्र आहे, आपली निराशा झाली असल्यास क्षमस्व' असे कळवले होते. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला विजेचं बिल आलं तरी तुम्ही उलट टपाली त्याची खुशाली विचाराल." आणि तरीही त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र किती तरी महिने पडून होते. पत्र एका मुलीचे होते. त्यात एकच प्रश्न होता आणि तो इतका सरळ होता, की त्याला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हेच ग्रंथपालांना ठरवता येत नव्हते.

हे पत्र त्यांच्याकडे आले कसे, हे सांगायचे तर मंत्रिमहोदयांच्या दुखावलेल्या मनापासून सुरुवात करावी लागते.

पदवीचे शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलांना शासन अनुदान देत असे. अर्धे वर्षाच्या सुरुवातीला, अर्धे परीक्षेच्या आधी. पैसे मुकाट्याने मुलांच्या खात्यात जात, मुले मुकाट्याने फी भरत आणि मुकाट्याने पदवीधर होत. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नव्हती. त्यामुळे ही योजना चालू आहे हे खात्यातही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. योजनेच्या दृष्टीने ही बाब गंभीर होती. म्हणून एका वर्षी अनुदानाचे जाहीर वाटप करायचे ठरले. भले मोठे सभागृह, पुठ्ठ्याचा दाराएवढा धनादेश, हार, माईक. मुलांनी एकेक करून धनादेशाला हात लावला, फोटो काढला आणि ती जिना उतरून गेली, कारण गावाकडची शेवटची बस सुटायची होती. मंत्रिमहोदय भाषणाला उभे राहिले तेव्हा समोर खुर्च्या होत्या.

"एकानंही थँक्यू म्हटलं नाही," परतताना मोटारीत ते स्वीय सहायकाला म्हणाले. ते काही आदेश म्हणून बोलले नव्हते. माणूस थकला की बोलतो, तसे बोलले होते. पण सहायकाने ते वहीत टिपून घेतले आणि सहायकाने टिपलेल्या गोष्टीला पाय फुटतात. पंधरवड्यात तिची फाइल झाली, फाइलीचा कक्ष झाला, कक्षाच्या दारावर पाटी लागली: कृतज्ञता कक्ष. नियम सुटसुटीत होता. विद्यार्थ्याचे समाधानकारक आभारपत्र आल्याशिवाय अनुदानाचा दुसरा हप्ता सोडू नये.

पहिल्या वर्षी आभारपत्रांचे गठ्ठे आले. सगळ्यांचा मजकूर एकच होता, कारण कॉलेजच्या बाजूचा वह्या-पेनवाला तो छापून विकत होता.

"आभार आलेत," उपसंचालक म्हणाले, "पण आतून आलेले दिसत नाहीत."

तेव्हा परीक्षक नेमायचे ठरले. त्यासाठी ज्याने पुष्कळ वाचले आहे, जो थोड्या मानधनावर येईल आणि जो काही विचारणार नाही, असा माणूस हवा होता. तिन्ही गुण एका ठिकाणी सापडणे अवघड. पण कॉलेजच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपालांचा अर्ज आला आणि खात्याला ते सापडले.

"तुम्हाला कृतज्ञता ओळखता येईल का?" मुलाखतीत उपसंचालकांनी विचारले.

"खात्री नाही," ग्रंथपाल म्हणाले. "पुस्तकांच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतात. ते मी वाचत आलोय."

"ते कुणीच वाचत नाही. म्हणजे अनुभव आहे."

गुणांचा तक्ता त्यांच्या हातात देण्यात आला. नम्रता तीस, शासनाचा उल्लेख तीस, भविष्याबद्दल आशा वीस, हृदयस्पर्शिता वीस. उत्तीर्ण होण्यासाठी साठ.

"हृदयस्पर्शिता मोजायची कशी?"

"तुम्हाला हृदय आहे ना? स्पर्श झाला की वीस, नाही झाला की शून्य. अधलंमधलं देऊ नका. लेखापरीक्षणात उत्तरं द्यावी लागतात."

कक्षाला मिळालेली खोली पूर्वी सायकली ठेवण्याची होती. खिडकीबाहेर जनरेटर. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली आधीच्या कुठल्याशा योजनेची मार्गदर्शिका सरकवलेली होती. ती योजना इतकीच उपयोगी पडली. दाराशी आवक नोंदणारा कारकून बसे. समोर येईल त्यावर शिक्का मारायची त्याला इतकी सवय, की एकदा चहाच्या बशीखालच्या कागदावर शिक्का मारून त्याने तो नोंदवूनही टाकला होता. सगळे त्याला शिक्केबहाद्दर म्हणत.

ग्रंथपाल सावकाश, जीव लावून वाचत. आपण अन्याय तर करत नाही ना, या शंकेने एकेक पत्र तीनदा वाचत. एका मुलाचे पत्र त्यांना फार आवडले. कंदिलाच्या उजेडात वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी त्याला शहाण्णव गुण दिले. उपसंचालकांनी पत्र परत पाठवले.

"ही भाषा गरजू माणसाची नाही."

"मुलगा साहित्य शिकतो, साहेब."

"शिकत असेल. पण ज्याला इतके शब्द परवडतात त्याला फी परवडत नाही, हे मला पटत नाही."

आठवडाभरात परिपत्रक निघाले: अर्जदाराची भाषा त्याच्या कौटुंबिक उत्पन्नाशी सुसंगत असावी. चांगली भाषा आली की मुलगा गरजू नाही म्हणून नापास. वाईट आली की कृतज्ञता पोचत नाही म्हणून नापास. दोहोंच्या मध्ये एक चिंचोळी पायवाट उरली आणि पायवाट दाखवायला वाटाडे आले. कॉलेजच्या समोर, चपलांच्या दुकानाच्या वर, आभारपत्रांचा क्लास निघाला. शिकवायला एक नट होता. हयातभर नाटकांतून म्हाताऱ्या नोकराची कामे केल्यामुळे त्याचा पाठीचा कणा आपोआप वाकत असे. "हात जोडल्यासारखं अक्षर काढा," तो सांगे. "एक शुद्धलेखनाची चूक ठेवा. एकच. दोन ठेवल्या तर निष्काळजीपणा दिसतो." क्लासची फी अनुदानाच्या हप्त्यापेक्षा किंचित कमी होती. विद्यार्थ्याच्या हाती घरी जायच्या तिकिटापुरते काहीतरी राहावे, एवढा विचार त्यामागे होता.

खरोखर गरीब मुलांना हा क्लास परवडत नाही, हे खात्याच्या लगेच लक्षात आले. खाते काही निर्दय नव्हते. क्लासच्या फीसाठी वेगळे अनुदान सुरू झाले. ते मिळाल्यावर एक लघु आभारपत्र द्यायचे होते आणि ते तपासायला दुसरा परीक्षक नेमण्यात आला.

एवढ्यावर सगळे स्थिरावले असते. पण लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला, की पहिला हप्ता आजवर कृतज्ञतेशिवायच दिला जात आहे. शासनाचा पैसा गेला आणि त्याबदल्यात नोंदलेले काहीच आले नाही. पहिला हप्ता तत्काळ रोखण्यात आला. यापुढे आधी आभार, मग अनुदान. पत्राच्या नमुन्यात 'मिळालेल्या अनुदानाबद्दल' असे होते, ते 'मिळणाऱ्या' करण्यात आले. विधी विभाग म्हणाला, यातून विद्यार्थ्याचा हक्क निर्माण होतो. शेवटी 'मिळू शकणाऱ्या अनुदानाबद्दल मी आजन्म ऋणी राहीन' यावर एकमत झाले.

त्या वर्षीच्या गठ्ठ्यात ते पत्र आले. वहीच्या चौकटीच्या कागदावर, निळ्या शाईत.

'माननीय परीक्षक, मी रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. अनुदान अजून मिळालेले नाही. आभार मानायला माझी हरकत नाही. पण आम्हाला प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग निष्कर्ष लिहायला शिकवतात. तरी आभार नेमके कशाचे मानायचे, ते कळवावे. परीक्षेची फी भरायची तारीख जवळ आली आहे. ती चुकली तर वर्ष जाईल. म्हणून लवकर कळवावे.'

ग्रंथपाल त्या खोलीत पहिल्यांदा हसले. मग दचकून त्यांनी दाराकडे पाहिले. मग तक्ता पुढे ओढला. शासनाचा उल्लेख नाही: शून्य. नम्रता? 'हरकत नाही' यात नम्रता आहे का, यावर त्यांनी दुपारभर विचार केला आणि शून्य लिहिले. आशा? 'लवकर कळवावे' असे या कक्षाला लिहिणे म्हणजे आशेची परमावधी होती. वीस. हृदयाला स्पर्श झाला होता, त्याचे वीस. एकूण चाळीस.

"एका पत्राला उत्तर पाठवायचं होतं," त्यांनी शिक्केबहाद्दरला विचारले.

"कशात नोंदवू?"

"जावक रजिस्टरमध्ये."

"आपल्या कक्षाला जावक नाही, काका. नुसती आवक. आभार येतात. आपण कुणाला काही पाठवायचं, असं शासन निर्णयात कुठंही नाही. मी सगळा वाचलाय."

ग्रंथपालांनी पत्राची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. उद्या बघू, असे मनाशी म्हटले. त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी या उद्यावर तगून होत्या.

चार-आठ दिवसांनी मुलगी स्वतःच आली. बरोबर आई होती. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करायची आणि पाळी संपवून तशीच आली होती. अंगाला वाफेचा वास येत होता. ग्रंथपाल उठून उभे राहिले. परीक्षकाने उठायचे असते की नाही हे न कळून पुन्हा बसले.

"माझ्या पत्राचं काय झालं?" मुलीने विचारले.

"विचाराधीन आहे."

"कुणाच्या विचारात?"

"माझ्या," ग्रंथपाल म्हणाले.

"मग काय विचार करताय?"

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात आई पुढे झाली.

"साहेब, ही नाही मानत तर आभार मी मानते. मला दिवसभर तेच काम. वॉर्डातल्या सिस्टरनी जुनं वर्तमानपत्र दिलं तरी मी दोनदा मानते. कुठं सही करू?"

"आई, तू गप्प बस."

"गप्प बसून फी भरतात का गं? इतकी हुशार आहेस तर दोन ओळी लिहायला काय धाड भरलीय तुला?"

"लिहीन की. पैसे येऊ दे, चार पानं लिहीन."

"ऐकलंत?" आई ग्रंथपालांना म्हणाली. "बापावर गेलीय. त्यानंही कधी कुणाचे आभार मानले नाहीत. माझे तर नाहीच नाही."

बोलणे ऐकून उपसंचालक आत आले. प्रकरण त्यांनी उभ्याउभ्याच समजून घेतले.

"बाई, पालकाची कृतज्ञता पाल्याच्या नावे वर्ग करता येत नाही."

"मग हिला पुन्हा लिहायला सांगू?"

"पुढच्या वर्षी. यंदाचं पत्र दाखल झालेलं आहे."

मुलगी उपसंचालकांकडे पाहतच नव्हती. ती ग्रंथपालांकडे पाहत होती.

"आजोबा, मला पास करू नका. फक्त उत्तर द्या."

उत्तर ग्रंथपालांना ठाऊक होते. एका शब्दाचे होते. ते ओठांपर्यंत आलेही; पण समोर उपसंचालक होते, दाराशी शिक्का होता आणि ग्रंथपाल आयुष्यभर जिथे बोलत होते तिथे भिंतीवर 'शांतता राखा' असे लिहिलेले असे. "कळवतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी पेन्सिलीने चाळीसचे साठ केले. मग वाटले, हे इतरांवर अन्याय करणारे आहे. मग वाटले, इतरांवर होतच आहे. मग वाटले, आपल्याला असे वाटणेच चुकीचे असेल.

"काका, खाडाखोड असली तर फाइल फेरतपासणीला जाते," शिक्केबहाद्दर खांद्यावरून डोकावत म्हणाला. "परीक्षकासकट."

त्यांनी साठ पुसले आणि चाळीसवर सही केली. फीची तारीख आली, गेली.

पुढे एकदा कक्षाच्या वार्षिक अहवालाच्या प्रती काढायला ते कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर यंत्रामागे तीच मुलगी उभी होती. कॉलेज सुटले होते; आता पूर्णवेळ इथेच. यंत्रातून आभारपत्राचे नमुने भराभर बाहेर पडत होते. त्यांना चांगला खप होता. तिने अहवालाच्या प्रती जुळवल्या, टाचल्या, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले.

"उत्तर नाही आलं अजून," ती म्हणाली. तक्रार नव्हती. टपाल उशिरा येते, असे सांगितल्यासारखे ती बोलली.

"येईल," ग्रंथपाल म्हणाले आणि पावती न घेताच निघाले.

अहवाल मात्र उत्तम होता. त्या वर्षीची कृतज्ञता आजवरच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त होती. अनुदान मात्र कोणालाच देता आले नव्हते, कारण त्यासाठीची तरतूद परीक्षकांचे मानधन, क्लासचे अनुदान, सभागृहाचे भाडे आणि कृतज्ञता चषक यांवर संपली होती. सुरुवातीला उपसंचालक थोडे धास्तावले. मग त्यांच्या लक्षात आले, की एक पैसाही न वाटता एवढे आभार गोळा करणारे हे देशातले पहिलेच खाते असावे. तसे त्यांनी अहवालात ठळक अक्षरांत घातले. मंत्रिमहोदयांचा सत्कार झाला. सभागृह शेवटच्या खुर्चीपर्यंत भरले होते, कारण आता हजेरीला दहा गुण होते आणि दारे बाहेरून लावली होती. मंत्रिमहोदयांचे डोळे पाणावले.

त्याच समारंभात परीक्षकांना मानधन द्यायचे होते. मानधन हाही शासनाचाच पैसा. तेव्हा तो आभाराशिवाय कसा सोडणार? ग्रंथपालांना मिळू शकणाऱ्या मानधनाबद्दल पत्र लिहावे लागले. ते त्यांनी टेबलाशी बसून, न अडखळता, एका बैठकीत लिहून काढले. दुसऱ्या परीक्षकाने तपासले. शंभरपैकी एक्याण्णव. अख्ख्या खात्यात पहिले. व्यासपीठावर चषक घेताना त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला हे कोणत्याही क्लासशिवाय जमले.

घरी आल्यावर बायकोने कोट हातात घेतला.

"मिळाले का?"

"एक्याण्णव."

"अहो, पैसे विचारतेय मी."

"तेही मिळाले."

कोट झटकताना आतल्या खिशातून ते पत्र पडले. बायकोने उभ्यानेच वाचले आणि पुन्हा एकदा वाचले.

"हिला काय कळवलंत?"

"अजून काही नाही."

"का?"

"कक्षाला जावक नाही."

"घराला आहे ना?" असे म्हणून तिने पत्र टेबलावर आपटले आणि ती आत गेली.

ग्रंथपाल लिहायला बसले. पहिला मसुदा फार लांब झाला. त्यात खात्याची बाजूही येत होती. दुसऱ्यात त्यांची स्वतःची बाजू येत होती. ते दोन्ही कागद त्यांनी फाडले. शेवटी एवढेच लिहिले: 'तुझ्या पत्राचे उत्तर: कशाचेच नाही. तुला कोणी काही दिलेले नाही. आणि जे द्यायचे होते ते तुझ्या हक्काचे होते. सोबत माझ्या मानधनाच्या रकमेचा धनादेश आहे. त्यात नव्या वर्षाची फी आणि परीक्षेची फी भागेल. त्याबद्दल आभार मानू नयेत.' खाली सही केली. 'मानू नयेत' याखाली रेघ ओढली.

टपाल कार्यालयाच्या खिडकीशी बसलेल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवले.

"जादा तिकीट लागेल. आत काय आहे?"

"उत्तर."

"एवढं जड?"

ग्रंथपालांनी जादा तिकिटाचे पैसे मोजले. जड असायचे कारण त्यांना ठाऊक होते. पत्र आणि धनादेश यांच्यामागे त्यांनी आणखी एक पाकीट घडी घालून ठेवले होते. त्यावर तिकीट लावलेले होते आणि स्वच्छ अक्षरात त्यांचाच पत्ता होता. मुलीला उगाच खर्च नको म्हणून. तिला काही कळवावेसे वाटले तर. आग्रह नव्हता.

पेटीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. पाकीट फोडावे, आतले पाकीट काढून टाकावे, असे त्यांना खरेच वाटले. त्यांच्या जागी आपण असतो तर काढले असते, असे तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. तुम्ही जुना स्वेटर दिलात आणि तो घेणारा नुसता "बरं" म्हणून निघून गेला, त्या दिवशी घरी येऊन काय बोललात, ते तुमच्या घरच्यांना पाठ आहे. तुमच्याकडे फक्त कक्ष नाही, म्हणून गुण द्यायचे राहिले.

पोस्टमन आपल्या गल्लीत किती वाजता येतो, हे आठवत आठवत ग्रंथपालांनी पाकीट पेटीत टाकले.